नव्या प्रवाळांसोबत येणारी उपद्रवी समुद्रपुष्पे : ओळख आणि निर्मूलन

सागरी काचटाकीसाठी विकत घेतलेले प्रवाळ बहुधा एकटे येत नाही. ते ज्या दगडावर किंवा सिरॅमिकच्या छोट्या चकतीवर चिकटवलेले असते, त्या आधाराच्या छिद्रांतून आणि कडांवरून शैवले, कृमी, स्पंज, गोगलगाई आणि खेकड्यांची पिल्ले असे अनेक जीव त्याच्याबरोबर टाकीत शिरतात. यांतील बरेचसे निरुपद्रवी आणि काही उपयुक्तही असतात. परंतु हौशी पाळणाऱ्यांमध्ये ‘एप्टेशिया’ आणि ‘मजानो’ या नावांनी ओळखली जाणारी दोन समुद्रपुष्पे याला अपवाद आहेत, कारण ती प्रवाळांना दंश करतात, त्यांची जागा बळकावतात आणि एकदा मुख्य टाकीतील दगडांच्या पोकळ्यांत रुजली की समूळ नष्ट करणे फार कठीण होते. ज्या चकतीवर ती आलेली असतात ती चकती टाकीबाहेर असेपर्यंत मात्र हाच प्रश्न थोड्या वेळात आणि अल्प खर्चात सुटू शकतो. त्यामुळे या समुद्रपुष्पांवरील उपायांचा विचार मुख्यतः प्रवाळ टाकीत जाण्यापूर्वीच्या टप्प्याला धरून करणे इष्ट ठरते.

उपद्रवाचे मूळ

समुद्रपुष्प म्हणजे सी ॲनेमोनी हे नावाने फूल असले तरी तो प्राणी असून प्रवाळांचा जवळचा नातेवाईक आहे. त्याच्या शरीराचे तीन भाग सहज ओळखता येतात : दगडाला घट्ट चिकटणारी तळचकती, तिच्यावर उभा असलेला मऊ दंडगोलाकार स्तंभ आणि स्तंभाच्या माथ्यावरील मुखचकती, जिच्या मध्यभागी तोंड आणि कडेने संस्पर्शक म्हणजे लवचीक सोंडेसारखे अवयव असतात. संस्पर्शकांवर असंख्य दंशकोशिका असतात. स्पर्श होताच त्यांतून सूक्ष्म विषारी धागा सुटतो आणि शेजारच्या प्रवाळाची ऊती म्हणजे जिवंत आवरण भाजल्यासारखे होऊन मागे हटते. एप्टेशियाकडे याशिवाय ‘अकोंशिया’ नावाचे, दंशकोशिकांनी भरलेले पांढरे तंतू असतात. प्राण्याला डिवचले असता ते तोंडातून आणि स्तंभावरील बारीक छिद्रांतून बाहेर फेकले जातात, म्हणूनच तिला ओरबाडण्याचा प्रयत्न आसपासच्या प्रवाळांनाही महागात पडतो.

या प्राण्यांचा चिवटपणा दोन गोष्टींत आहे. पहिली म्हणजे त्यांच्या ऊतीत राहणारी सहजीवी शैवले. ती प्रकाशसंश्लेषणाने अन्न तयार करतात आणि त्यातील काही भाग समुद्रपुष्पाला पुरवतात, त्यामुळे टाकीत खाद्य कमी पडले तरी ते केवळ आकाराने लहान होते, मरत नाही. उलटपक्षी शैवले नष्ट होऊन एप्टेशिया पांढरी पडली, तरी तिला खाद्य मिळत असल्यास ती जगते. शैवलांसह आणि शैवलांविना अशा दोन्ही अवस्थांत जगण्याच्या या क्षमतेमुळेच प्रवाळांच्या सहजीवनाचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळांनी तिला नमुनाप्राणी म्हणून स्वीकारले असून २०१५ मध्ये तिचा संपूर्ण जीनोमही प्रसिद्ध झाला. पाळणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, दगड काही दिवस अंधारात ठेवणे किंवा खाद्य बंद करणे हे खात्रीचे उपाय नव्हेत.

दुसरी गोष्ट म्हणजे अलैंगिक पुनरुत्पादन. एप्टेशिया दगडावरून सरकताना तिच्या तळचकतीच्या कडेचे सूक्ष्म तुकडे मागे राहतात आणि त्या प्रत्येक तुकड्यापासून काही आठवड्यांत नवे समुद्रपुष्प तयार होते. मजानो स्वतःचे उभे विभाजन करून एकाची दोन होते. नांगरलेल्या शेतात हरळीच्या कांड्या जशा चहूकडे पसरून पुन्हा फुटतात, तसाच प्रकार चिमट्याने खरवडलेल्या एप्टेशियाच्या बाबतीत घडतो. निर्मूलनाच्या कोणत्याही पद्धतीची कसोटी यामुळे एकच राहते : तळचकती पूर्णपणे नष्ट झाली की नाही.

दोन मुख्य प्रकार

एप्टेशियाचा स्तंभ सडपातळ आणि लांबट असतो, रंग पारदर्शक तपकिरी ते पिंगट असतो आणि संस्पर्शक लांब, बारीक व टोकाकडे निमुळते होत गेलेले असतात. काचेसारख्या झिरझिरीत दिसण्यामुळे तिला ‘ग्लास ॲनेमोनी’ असेही म्हटले जाते. जगभरातील टाक्यांत आढळणाऱ्या बहुसंख्य एप्टेशिया आता ‘एक्झेप्टेशिया’ या प्रजातीत धरल्या जातात. ही प्रजाती २०१४ मध्ये वेगळी करण्यात आली असली तरी व्यवहारात जुनेच नाव रूढ आहे. तिची आकारमर्यादा काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत असते, ती बहुधा छिद्राच्या किंवा भेगेच्या तोंडाशी बसते आणि काडीचा किंचित स्पर्श होताच क्षणार्धात आत ओढली जाते. ही झटकन आकसण्याची सवय तिच्या ओळखीची सर्वांत भरवशाची खूण आहे.

मजानो म्हणजे ‘ॲनेमोनिया मांजानो’ ही जाती तुलनेने बुटकी व जाड असते. तिचे संस्पर्शक आखूड असून टोकाशी किंचित फुगीर असतात, रंग तपकिरी किंवा हिरवा असतो आणि टोकांवर बऱ्याचदा गुलाबी-जांभळी छटा दिसते; निळ्या प्रकाशात तिचा हिरवा रंग चमकतो. या आकर्षक रूपामुळे नवखा पाळणारा तिला ‘बबल टिप’ या लोकप्रिय, विदूषक माशांना आश्रय देणाऱ्या मोठ्या समुद्रपुष्पाचे पिल्लू समजून जपतो आणि काही महिन्यांनी दगडभर तिचा ताटवा झालेला पाहतो. बबल टिप सहसा एकेकटे विकले जाते, आकाराने वाढत जाते आणि आपला तळ खोल खाचेत दडवते; त्याउलट न मागता चकतीच्या कडेवर आलेले, लहानच राहिलेले आणि शेजारी तशीच दुसरी दोन-तीन दिसू लागलेले समुद्रपुष्प मजानो असण्याची शक्यता अधिक असते. मजानो जागा सोडून दुसरीकडे सरकू शकते, म्हणून ती एका ठिकाणाहून नाहीशी झाली म्हणजे मेली असा निष्कर्ष काढता येत नाही.

सारखे दिसणारे निरुपद्रवी जीव

चुकीच्या ओळखीमुळे उपयुक्त जीव मारले जाऊ नयेत, यासाठी काही फरक ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. नळीत राहणाऱ्या ‘फेदर डस्टर’ कृमींचा पसारा दुरून समुद्रपुष्पासारखा दिसतो, परंतु त्याची प्रत्येक काडी पिसाप्रमाणे दोन्ही बाजूंनी केसाळ असते आणि स्पर्श होताच तो संपूर्ण पसारा एका स्पष्ट नळीत शिरतो. हे कृमी पाणी गाळून खातात आणि कोणालाही इजा करत नाहीत. क्लोव्ह पॉलिपसारख्या मृदू प्रवाळांच्या प्रत्येक पॉलिपला, म्हणजे एकेका फुलासारख्या जीवाला, नेमके आठ पिसाळ संस्पर्शक असतात, तर एप्टेशियाचे संस्पर्शक गुळगुळीत आणि संख्येने बरेच अधिक असतात. झोअँथिड प्रवाळांत मुखचकती रुंद व सपाट असून संस्पर्शक केवळ तिच्या कडेला, आखूड झालरीप्रमाणे असतात. कठीण प्रवाळाचे नवजात पिल्लू असेल तर मऊ आवरणाखाली चुनखडीचा कडक सांगाडा काडीला लागतो. समुद्रपुष्पाला असा सांगाडा कधीच नसतो.

तपासणीची रीत

प्रवाळ घरी आल्यावर पिशवीतील पाणी टाकीत ओतू नये. टाकीतीलच पाणी घेतलेल्या उथळ पांढऱ्या भांड्यात प्रवाळ ठेवावे आणि त्याला पंधरा-वीस मिनिटे अजिबात न हलवता राहू द्यावे, कारण प्रवासात आकसून गेलेली एप्टेशिया या अवस्थेत पिंगट जेलीच्या ठिपक्यासारखी दिसते आणि सहज नजरेतून सुटते. त्यानंतर गोठवलेल्या ब्राइन श्रिंपचा किंवा मायसिसचा रस काही थेंब जवळ सोडल्यास दडलेली समुद्रपुष्पे संस्पर्शक पसरू लागतात. भिंगाने आणि बारीक झोताच्या बॅटरीने प्रवाळाच्या मृत सांगाड्याची कड, चकतीचा देठ, तिचा खालचा भाग, गोंदाखालील पोकळ्या आणि दोन फांद्यांमधील सांधे या जागा क्रमाने पाहाव्यात; प्रवाळाची जिवंत ऊती जेथे संपते आणि उघडा दगड जेथे सुरू होतो ती सीमा समुद्रपुष्पांची सर्वांत आवडती जागा असते. दिवे मालवल्यानंतर तासाभराने हीच तपासणी पुन्हा करणे हितावह ठरते.

येथे एका सर्वसाधारण गैरसमजाचा उल्लेख आवश्यक आहे. बाजारात मिळणारी प्रवाळ बुडवण्याची द्रावणे, ज्यांना ‘कोरल डिप’ म्हटले जाते, ती चपटे कृमी, प्रवाळ खाणाऱ्या कवचहीन गोगलगाई आणि बारीक कवचधारी जीव झटकण्यासाठी उपयोगी पडतात. परंतु प्रवाळ जिवंत ठेवणाऱ्या मात्रेत समुद्रपुष्पही बहुधा जिवंत राहते, कारण दोन्ही प्राण्यांची शरीररचना सारखीच आहे. म्हणून द्रावणात बुडवून काढलेले प्रवाळ एप्टेशियामुक्त झाले असे मानणे धोक्याचे आहे.

चकती काढून टाकणे

समुद्रपुष्प बहुधा प्रवाळावर नसून त्याच्या आधारावर असते, ही वस्तुस्थिती पाळणाऱ्याच्या पथ्यावर पडणारी आहे, कारण आधार टाकून दिला की उपद्रवही जातो. ॲक्रोपोरासारखे फांद्यांचे प्रवाळ बोन कटरने चकतीच्या वर, संशयित जागेपासून सुरक्षित अंतर राखून कापावे. युफिलियासारख्या जाड दांड्याच्या प्रवाळात जिवंत मांसल भागाच्या बऱ्याच खाली, कोरड्या सांगाड्यातून छेद घ्यावा, म्हणजे ऊती फाटत नाही. कापलेला भाग स्वच्छ सागरी पाण्यात हलवून धुवावा, भिंगाने पुन्हा तपासावा आणि नव्या चकतीवर सायनोअ‍ॅक्रिलेट जातीच्या घट्ट, जेलसारख्या गोंदाने बसवावा. हा गोंद पाण्यातही धरतो. जुनी चकती ब्लीच मिसळलेल्या पाण्यात दिवसभर बुडवून मगच कचऱ्यात टाकावी, आणि जिवंत समुद्रपुष्प असलेले पाणी वा दगड नाला, खाडी किंवा समुद्र यांत कदापि सोडू नये.

झोअँथिड आणि पॅलिथोआ या प्रवाळांच्या बाबतीत मात्र विशेष दक्षता घ्यावी लागते. यांतील काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अत्यंत तीव्र विष असते. हवाई बेटांवरील पॅलिथोआपासून ते प्रथम वेगळे करण्यात आले आणि १९७१ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. पेशींच्या आवरणातील सोडियम-पोटॅशियम पंप हे विष बिघडवते आणि ते जखमेतून, डोळ्यांतून किंवा वाफेबरोबर श्वासातून शरीरात जाऊ शकते. म्हणून असे प्रवाळ कापताना किंवा सोलताना हातमोजे व डोळ्यांवर चष्मा वापरावा, खोली हवेशीर ठेवावी, आणि एप्टेशिया मारण्यासाठी दगड उकळण्याचा, त्यावर गरम पाणी ओतण्याचा किंवा तो मायक्रोवेव्हमध्ये तापवण्याचा सल्ला कोणी दिला तरी तो मानू नये. दगड उकळल्यानंतर घरातील माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना घडलेल्या आहेत. तोंडात धातूसारखी चव येणे, बधिरपणा, स्नायूदुखी, ताप किंवा श्वास घेण्यास त्रास यांपैकी काही जाणवल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे आणि पॅलिटॉक्सिनचा संशय डॉक्टरांना स्पष्टपणे सांगावा.

न कापता येणाऱ्या प्रवाळांसाठी लेप

गोलाकार, घुमटासारखी किंवा दगडावर पसरलेली प्रवाळे सहज कापता येत नाहीत. अशा वेळी समुद्रपुष्पावर नेमका लेप देण्याची पद्धत अवलंबली जाते. सर्वांत परिचित लेप कॅल्शियम हायड्रॉक्साइडचा, म्हणजेच विरवलेल्या चुन्याचा आहे. त्याच्या संपृक्त द्रावणाचा सामू सुमारे १२.४ असतो, तर टाकीतील पाण्याचा ८.१ ते ८.४ च्या दरम्यान राखला जातो, आणि या प्रचंड फरकामुळे समुद्रपुष्पाची ऊती जळून जाते. पानाबरोबर खाल्ला जाणारा चुना रसायन म्हणून तोच असला तरी त्यात काय मिसळले आहे याची खात्री नसते, म्हणून शुद्ध दर्जाची भुकटीच वापरावी. ती थोड्या शुद्ध पाण्यात कालवून पेजेइतकी घट्ट करावी आणि लगेच वापरावी, कारण हवेतील कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन तिचे निरुपयोगी कॅल्शियम कार्बोनेट बनते. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा अनिवार्य आहेत. रेड सी कंपनीचे ‘एप्टेशिया-एक्स’ यांसारखे तयार लेपही मिळतात आणि समुद्रपुष्पाने ते गिळावेत अशी त्यांची योजना असते.

लेप देताना टाकीतील किंवा भांड्यातील पंप बंद करावा, समुद्रपुष्प पूर्ण उमलेपर्यंत थांबावे आणि सिरिंजच्या बोथट टोकाने लेप मुखचकतीवर अलगद, घाई न करता सोडावा. जोराने मारलेली पिचकारी ते दगडात आकसायला भाग पाडते आणि लेप केवळ वरवर राहतो. त्यानंतर छिद्राचे तोंडही लेपाने बुजवावे, सुमारे अर्ध्या तासाने उरलेला लेप बारीक नळीने शोषून काढावा आणि मगच पंप सुरू करावा. मुख्य टाकीत हे काम करायचे झाल्यास एका दिवशी मोजक्याच समुद्रपुष्पांवर करावे, अन्यथा पाण्याचा सामू एकदम चढतो आणि कुजणाऱ्या ऊतींमुळे अमोनियाही वाढतो. लिंबाचा रस किंवा व्हिनेगर सुईने स्तंभात टोचण्याचा घरगुती उपाय लहान समुद्रपुष्पांवर कधी कधी लागू पडतो. परंतु तळचकती वाचण्याचा संभव अधिक असल्याने त्यावर विसंबता येत नाही. केवळ गोंदाने समुद्रपुष्प झाकून टाकणे हाही अर्धाच उपाय आहे, कारण सच्छिद्र दगडातून ते बाजूने वाट काढते. मजानोवर लेपाची एक मात्रा क्वचितच पुरते. ती बसलेला दगडाचा तुकडा छिन्नीने फोडून काढणे अधिक श्रेयस्कर ठरते.

विलगीकरणाचा काळ

कितीही काळजीपूर्वक काम केले तरी डोळ्यांना न दिसणारा तुकडा मागे राहू शकतो, आणि तो ओळखण्याइतका वाढण्यास काही आठवडे लागतात. म्हणून नव्या प्रवाळाला किमान चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. या टाकीसाठी मोठा खर्च लागत नाही : वाळू व दगड नसलेली छोटी काचटाकी, सुमारे २५ ते २६ अंश सेल्सिअस तापमान राखणारा हीटर, पाणी खेळते ठेवणारा पंप, प्रवाळाच्या गरजेचा दिवा आणि चकत्या ठेवण्याची जाळी एवढे पुरेसे आहे. पाण्याची क्षारता मुख्य टाकीइतकी, म्हणजे दर हजारी सुमारे ३५ भाग ठेवावी. उघड्या तळामुळे सुटलेले तुकडे लगेच दिसतात. आठवड्यातून एकदा भिंगाने तपासणी करावी आणि नवे समुद्रपुष्प आढळल्यास उपचारानंतर काळाची मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी. चिमटे, कात्री आणि नळ्या दोन्ही टाक्यांसाठी स्वतंत्र असाव्यात.

नैसर्गिक भक्षक

समुद्रपुष्पे मुख्य टाकीत पसरलीच, तर लेपाच्या जोडीला भक्षकांचा विचार करता येतो. ‘पेपरमिंट श्रिंप’ नावाची लिस्माटा प्रजातीची कोळंबी लहान एप्टेशिया खाते, पण पोटभर खाद्य मिळत असेल तर तिकडे ढुंकूनही पाहत नाही. शिवाय तिच्याऐवजी कुबड असलेली ‘कॅमल श्रिंप’ गळ्यात पडली तर ती प्रवाळांचेच लचके तोडते, म्हणून खरेदी करताना पाठीचा आकार आणि अंगावरील ठळक पांढऱ्या रेषा पाहून घ्याव्यात. ‘बर्गिया’ ही कवचहीन समुद्री गोगलगाय केवळ एप्टेशियावर जगते, रात्री वावरते आणि टाकीतच अंडी घालून संख्या वाढवते. परंतु रास जातीचे मासे व कोळंब्या तिला खाऊन टाकतात आणि एप्टेशिया संपल्यावर ती उपाशी मरते, म्हणून योग्य वेळी ती दुसऱ्या गरजू पाळणाऱ्याकडे सोपवणे उचित असते. मजानोला ती स्पर्शही करत नाही. ‘कॉपरबँड’ हा लांब तोंडाचा फुलपाखरू मासा आणि ‘एप्टेशिया-ईटिंग फाइलफिश’ हा चामड्या मासा उपयुक्त ठरू शकतात. तथापि पहिला टाकीतील खाद्याला सहजासहजी तोंड लावत नाही आणि दुसरा काही प्रवाळांचे पॉलिप कुरतडतो. भक्षक संख्या आटोक्यात ठेवतो, समूळ नाश करतोच असे नाही. पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट वाढवणारे जास्तीचे खाद्य चालूच राहिले, तर कोणताही भक्षक पुरा पडत नाही.

खरेदीतील दक्षता

या सर्व उपायांची सुरुवात विक्रेत्याच्या टाकीपाशी होते. ज्या टाकीत एकही एप्टेशिया दिसते, त्या टाकीतील स्वच्छ दिसणारे प्रवाळही संशयास्पद मानावे आणि निवड करता येत असल्यास मोठ्या दगडावरील प्रवाळापेक्षा छोट्या, नव्या चकतीवरील तुकडा घ्यावा. कायद्याची बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. भारतीय समुद्रातील कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे सर्वोच्च दर्जाचे संरक्षण आहे, त्यामुळे मालवणच्या सागरी अभयारण्यातूनच नव्हे तर किनाऱ्यावरून कोठूनही असे जिवंत प्रवाळ काढणे हा गुन्हा ठरतो. परदेशी कठीण प्रवाळांचा व्यापारही साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाने नियंत्रित आहे, म्हणून आयातीची कागदपत्रे न दाखवणाऱ्या विक्रेत्याकडून खरेदी करू नये.

नवे प्रवाळ त्याच दिवशी मुख्य टाकीत ठेवण्याचा मोह पाळणाऱ्याने आवरावा. जुनी चकती टाकून देणे, तळ नष्ट झाल्याची खात्री करणे आणि सहा आठवडे वाट पाहणे या तीन गोष्टी पाळल्या, तर लेप आणि भक्षक यांची गरज बहुतेक टाक्यांत उरतच नाही.